एजलेस आय : पाकिटातला ऑक्सिजन दाखवणारी गोळी

मित्सुबिशी गॅस केमिकल या जपानी कंपनीची ‘एजलेस आय’ ही छोटी गोळी औषधांच्या हवाबंद, पारदर्शक पाकिटात ऑक्सिजनशोषक पुडीसोबत ठेवतात. आतला ऑक्सिजन ०.१ टक्का किंवा त्याहून कमी असला की ती गुलाबी दिसते आणि ०.५ टक्क्यापर्यंत चढला की निळी होते. अशा दर्शकांची युक्ती शाळेतल्या रसायनशास्त्राइतकीच साधी आहे : अल्कलीयुक्त मिश्रणातील ग्लुकोजमुळे मिथिलीन ब्लू हे निळे रंगद्रव्य रंगहीन होते, त्यामुळे सोबतचा तांबडा रंग उघडा पडतो, आणि ऑक्सिजन शिरताच निळा परत येतो. पाकीट न फोडता, कोणत्याही यंत्राविना गळती कळते, हा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

मात्र मधल्या जांभळट छटेचा अर्थ लावताना नजर अडखळते, थंडीत रंगबदल मंदावतो, आणि गुलाबी गोळी म्हणजे निर्जंतुक माल असा समज करून घेणे तर धोक्याचेच. शिवाय ही पाकिटात वेगळी घालावी लागणारी वस्तू आहे. हाच रंग पाकिटाच्या प्लॅस्टिकमध्ये मुरवलेला असेल, तर गोळी घालायची राहून जाण्याचा प्रश्नच उरणार नाही.