स्टिक तापतेय: वायर घ्यावी, पट्टी, पंखा की सरळ डबा?

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत दोन विषय हमखास निघतात. कूलरची खस बदलली का, आणि टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात खोचलेली स्ट्रीमिंग स्टिक ऐन मॅचमध्ये बंद का पडते. पहिल्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्यावर प्रत्येकाचा भाचा वेगळा सल्ला देतो. एक म्हणतो ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवा, दुसरा म्हणतो यूएसबीवर चालणारा छोटा पंखा लावा, तिसरा म्हणतो ही स्टिक काढून टाका आणि चांगला स्ट्रीमिंग डबा आणा. माझं मत आधीच सांगतो: बहुतेक घरांचं काम एचडीएमआयच्या वीतभर जोडवायरमध्ये होतं, आणि डबा घ्यायची वेळ थोड्यांवरच येते. मात्र ते टीव्ही कुठल्या भिंतीवर आहे त्यावर ठरतं, स्टिकच्या मॉडेलवर कमी.

पण पैसे काढण्याआधी दुखणं उष्णतेचंच आहे ना, ते बघा. स्टिक चालू केल्या केल्या, गार असतानाच, लोगोपाशी अडकत असेल किंवा पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर दोष बहुधा विजेचा असतो. बहुतेक स्टिकना ५ व्होल्ट आणि १ अँपिअर लागतो. टीव्हीच्या मागचं साधं यूएसबी २.० पोर्ट ठरलेल्या मापानं ०.५ अँपिअरच देतं, यूएसबी ३.० असलं तरी ०.९. काही टीव्ही त्याहून जास्त देतात आणि काम चालून जातं, पण भरवसा नाही. अशा वेळी खोक्यात आलेला अडॅप्टर शोधा, तो मोबाइलच्या चार्जरांच्या गर्दीत पडलेला असतो, आणि भिंतीतल्या सॉकेटला लावा. खर्च शून्य. चित्र फक्त रात्री नऊच्या सुमारास गोल गोल फिरत राहतं आणि सकाळी सहाला तोच कार्यक्रम सुरळीत चालतो, असं असेल तर उष्णता आणि वायफाय दोघांवरही संशय घ्यावा लागतो. मग फोनवर, त्याच खोलीत, त्याच वेळी तेच चालवून पाहा. फोनवरही अडकलं तर स्टिक निर्दोष.

उष्णतेची खूण वेगळी. पहिला अर्धापाऊण तास सगळं ठीक, मग रिमोट उशिरा ऐकतो, चित्र धक्के खातं, आवाज पुढे आणि ओठ मागे, आणि शेवटी स्क्रीन काळी होऊन पुन्हा लोगो. स्टिकमध्ये पंखा नसतो. आतली चिप ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की स्वतःचा वेग उतरवते, म्हणजे उष्णता कमी तयार व्हावी. तेवढ्यानं भागलं नाही तर बंद पडते. हा बिघाड नव्हे, तिनं स्वतःला वाचवलेलं असतं. नुसती हाताला गरम लागली म्हणून घाबरू नका. गरम लागणं तिच्या स्वभावातच आहे. वर सांगितलेल्या खुणा दिसल्या तरच पुढचं वाचा.

आता ग्वाल्हेरचा हिशेब. ॲपल आपल्या टीव्ही डब्यासाठी भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सेल्सियस लिहिते. मेअखेरीस आपल्याकडे बाहेर पारा ४५च्या आसपास असतो, आणि एसी नसलेल्या खोलीत दिवेलागणीलाही तो ३५च्या खाली येत नाही. शिवाय स्टिकच्या ‘भोवतालची हवा’ म्हणजे खोलीतली हवा नव्हे. ती टीव्हीच्या पाठीमागची, पॅनलनं तापवलेली, भिंतीत कोंडलेली हवा. त्यातून टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर गंमतच. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती दुपारभर ऊन पितात आणि ते आत पोचायला काही तास घेतात. म्हणजे भिंत आतून सर्वांत गरम कधी? संध्याकाळी सात ते दहा, बरोबर मॅचच्या वेळेला. एकदा रात्री आठला टीव्हीच्या मागे हात सरकवून भिंतीवर पालथा तळवा ठेवून पाहा. भिंत अंगाहून गरम लागली तर स्टिकचा फारसा दोष उरत नाही.

हे डोक्यात ठेवलं की चारही उपायांकडे बघायची नजर बदलते. कुठलाही उपाय स्टिकला भोवतालच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही, फक्त तिच्या जवळ आणू शकतो. त्यामुळे पहिला प्रश्न ‘उष्णता कशी काढू’ हा नाही, ‘स्टिक बऱ्या हवेत कशी आणू’ हा आहे.

इथेच वायर जिंकते. एचडीएमआयची छोटी एक्स्टेन्शन, एका टोकाला मेल, दुसऱ्याला फीमेल. बऱ्याच स्टिकच्या खोक्यात ती फुकट आलेली असते आणि तशीच खोक्यात राहते. तिनं दोन कामं होतात. स्टिक पॅनलच्या पाठीवरून सुटून कडेला किंवा खाली मोकळ्या हवेत लोंबते, आणि टीव्हीच्या पोर्टच्या धातूतून थेट येणारी उष्णता तुटते. तिसरं काम अनेकांच्या लक्षात येत नाही: टीव्हीचा पत्रा आड येत नसल्यामुळे वायफाय सुधारतं. सिग्नल कमजोर असला की तोच मजकूर पुन्हा पुन्हा मागवावा लागतो, आणि तेही काम चिपच करते. तोटा एकच, स्टिक लोंबताना ओंगळ दिसते. दोनशेच्या आत मिळणाऱ्या वस्तूकडून यापेक्षा जास्त काय हवं?

ॲल्युमिनियमच्या पट्टीबद्दल मी तेवढा उत्साही नाही. मोबाइलच्या दुकानात हीटसिंक म्हणून मिळते, मागे चिकट पॅड, वर उभे कंगोरे. ॲल्युमिनियम उष्णता वाहून नेण्यात प्लॅस्टिकच्या हजारपट सरस, यात वाद नाही. पण पट्टी चिकटते ती स्टिकच्या प्लॅस्टिकच्या कवचावर. चिपची उष्णता आधी त्या कवचातून बाहेर यायला हवी. अंगावर गोधडी तशीच ठेवून वरून पंखा लावावा, तसा तो प्रकार. फायदा होतो, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. कवच उघडून थेट चिपवर पट्टी लावणारे पठ्ठेही आहेत. त्यात फरक जास्त पडतो, पण वॉरंटी संपते आणि एखादी अँटेना उचकटली तर वायफायही जातं. पट्टी घ्यायचीच असेल तर वायरच्या जोडीनं, कंगोरे उभे राहतील अशी. टीव्हीमागे कोंडलेल्या स्टिकला पट्टी लावणं म्हणजे पैसे वाया, कारण पट्टीला उष्णता सोडायला गार हवाच मिळत नाही. आणि वजनामुळे पोर्टवर ताण येतो तो वेगळा.

पंख्याबद्दल आत्या म्हणाली, “अरे, त्याला एक छोटा पंखा लावून टाकते ना, तीनशेत येतोय.” मी म्हटलं, “आत्या, टीव्हीमागे ४२ अंशाची हवा असेल तर पंखा ती ४२चीच फिरवणार गं. आधी तिला बाहेर काढ.” बाहेर काढलेल्या स्टिकवर पंखा खरंच चांगलं काम करतो, पट्टीपेक्षाही चांगलं. पण आपल्याकडे त्याचे दोन शत्रू आहेत. एक, मे-जूनची आंधी. खिडक्या लावल्या तरी बारीक माती आत येतेच, आणि एवढ्याशा पंख्याच्या पात्यांवर तिचा थर बसायला एक आंधी पुरते. मग घरघर सुरू. दुसरा, रात्रीची शांतता. बेडरूममधल्या टीव्हीला हा पंखा लावला की तुम्ही कार्यक्रम कमी आणि पंखा जास्त ऐकता. पंखा आणि स्टिक एकाच यूएसबी पोर्टवर दोन फाटे काढून लावू नका. आधीच अपुरी वीज आणखी वाटली जाते आणि उष्णतेचं दुखणं नसलं तरी स्टिक बंद पडू लागते.

कूलरच्या झोतात स्टिक ठेवण्याचा मोह होतो. नवतपात हवा कोरडी असते, कूलर खोली मनापासून गार करतो, आणि त्याचा लाभ स्टिकलाही मिळतो. पण झोत थेट नको. पाण्याचे बारीक तुषार आणि आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार, दोन्ही पोर्टमध्ये जाऊन बसतात. बाजूनं येणारी हवा पुरे. जुलैत कूलर चिकचिक करायला लागतो आणि माणसं वैतागतात, पण तोवर पारा उतरलेला असतो, त्यामुळे स्टिक मेपेक्षा पावसाळ्यात सुखी असते. ओला फडका गुंडाळणं, बर्फाची पिशवी टेकवणं, फ्रीजमध्ये ठेवणं हे सगळे प्रकार मी ऐकलेत. गार झालेल्या स्टिकवर दमट हवेतलं पाणी जमतं आणि मग ती कायमची गार होते.

आता डबा. सेट-टॉप आकाराचा स्ट्रीमिंग डबा आतून मोकळा असतो, उष्णता पसरायला जास्त जागा आणि बहुतेकांत धातूची पट्टी. तो टेबलावर बसतो, टीव्हीच्या पाठीला चिकटत नाही. म्हणजे वायर जे करते ते डबा जन्मतःच करतो, एवढाच मूळ फरक. त्यासाठी किती मोजायचे? २०२२चा ॲपल टीव्ही भारतात १४,९०० रुपयांपासून सुरू झाला. आधीच्या मॉडेलमध्ये पंखा होता, या २०२२च्या मॉडेलमध्ये तो काढून टाकला, कारण नव्या चिपला त्याची गरज राहिली नाही. बाकी कंपन्यांचे बरेच डबे त्याहून स्वस्तात येतात. ब्रॉडबँडवाल्यानं कनेक्शनसोबत दिलेला डबा घरात आधीच असेल तर नव्या खरेदीआधी त्यावर तीच ॲप चालतात का, ते बघा. कित्येक घरांत तो नुसता धूळ खात असतो. मात्र डबा घेऊन तो काचेच्या दाराच्या युनिटमध्ये, राउटरच्या डोक्यावर, वर आजीनं विणलेला रुमाल घालून ठेवणार असाल तर पैसे वाचवा. त्या कप्प्यात मोकळ्या हवेतली स्टिक त्याला हरवेल. पंख्याच्या डब्यालाही आंधीची माती आहेच. जाळी वर्षातून दोनदा ब्रशनं झाडावी लागते.

पैसे न लागणाऱ्या दोन गोष्टी या तुलनेत अनेकदा विसरल्या जातात. एक, रिझोल्यूशन. ४के चित्र उलगडायला चिपला जास्त राबावं लागतं. टीव्ही ४३ इंची असेल आणि सोफा दहा फुटांवर, तर ४के आणि १०८०पीमधला फरक डोळ्यांना जेमतेम कळतो. फायर टीव्हीमध्ये सेटिंग्ज, मग डिस्प्ले अँड साउंड्स, मग डिस्प्ले, तिथे व्हिडिओ रिझोल्यूशन १०८०पी करा. उन्हाळ्यापुरतं करा, दिवाळीत परत फिरवा. दुसरी, झोप. टीव्ही बंद केला म्हणजे स्टिक बंद झाली असं नाही. अडॅप्टरवर असली की ती जागी राहते, तापत राहते. होमचं बटण दाबून धरलं की स्लीपचा पर्याय येतो. दुपारी कोणी बघणार नसेल तर बोर्डवरचं बटणच बंद करावं. सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, एवढंच.

तर कोणी काय घ्यावं? ठाटीपूरला किंवा आणखी कुठे वरच्या मजल्यावर राहत असाल, डोक्यावर तापलेला स्लॅब आणि एसी नाही: वायर, १०८०पी, आणि तरीही मेमध्ये अडखळलं तर पंखा, पण बैठकीच्या खोलीतच. दौलतगंज-नया बाजाराकडच्या जुन्या दगडी घरात असाल तर आधी टीव्ही आतल्या, पूर्वेच्या भिंतीवर हलवता येतो का बघा; केबलवाल्याला पन्नास-शंभर जास्त द्यावे लागले तरी डब्यापेक्षा ते स्वस्त आहे. भिंत हलत नसेल तर वायर, आणि भिंत-टीव्हीमध्ये चार बोटांची फट. टीव्ही एसीच्या खोलीत असेल तर वायरसुद्धा पुरेशी ठरावी. तिथं स्टिक बंद पडत असेल तर दोष विजेत किंवा वायफायमध्ये शोधा. दिवसाचे आठ-दहा तास चालणारा टीव्ही, घरात सासू-सासरे दोघंही बघणारे, मधे बंद पडला की कोणालातरी ऑफिसात फोन करणारे: अशा घराला मी डबाच सांगेन, उघड्या फळीवर. आणि ज्यांची स्टिक पाच-सहा वर्षांची आहे, नवीन ॲप उघडतानाच हाशहुश करते, त्यांनी पट्टी-पंख्यात पैसे घालू नयेत. ती तापते कारण तिच्या बळाबाहेरचं काम तिला दिलंय.

वायर महाराज बाड्याच्या बाजारातल्या कुठल्याही मोबाइल-केबलच्या दुकानात मिळेल. मागताना ‘एचडीएमआय मेल-फीमेल, छोटी, ४के चालणारी’ एवढं सांगा. दुकानदार हमखास दीड मीटरची पुढे करतो, “लंबी ले लो, काम आएगी” म्हणत. घेऊ नका. लांब आणि स्वस्त एक्स्टेन्शनवर ४के चित्रात चमचम येते, कधी स्क्रीनच काळी पडते, आणि मग तुम्ही पुन्हा उष्णतेलाच दोष द्याल. वीतभर पुरे. टीव्ही भिंतीला फारच चिकटून असेल तर काटकोनात वळलेलं एल टोक मागा, पण आधी पोर्ट कुठल्या बाजूला तोंड करून आहे त्याचा फोटो काढून न्या. एल दोन दिशांची मिळते आणि चुकीची आणली तर स्टिक पुन्हा भिंतीतच जाऊन बसते.