‘नर आहे’ सांगून विकलेली मादी आणि त्रेचाळीस अंडी

मी मूळची चिपळूणची. लहानपणी कुंपणाच्या मेंदीवर घोयरा दिसला की पोरं दगड उचलायची आणि आजी आतून ओरडायची, "नका रे मारू, त्याने काय केलंय तुमचं?" घोयरा म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. काही जण त्याला सरडगुहिराही म्हणतात. आता आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. अकरा वर्षांच्या लेकीने वर्षभर शॅमेलिऑनचा हट्ट धरला, तेव्हा खरं सांगायचं तर मलाही तो हवा होता.

मार्चमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका प्रदर्शनात आम्ही 160 डॉलरना व्हेल्ड शॅमेलिऑन घेतला. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातली. इथे त्यांची घरी पैदास करून विकतात. मी एकच अट घातली होती, नरच हवा. मादी नराशी संग न होताही अंडी घालते, कोंबडीसारखीच, आणि त्यात ती दगावू शकते, एवढं मी वाचलं होतं. विक्रेता म्हणाला, "पाच महिन्यांचा नर आहे. आणि मादी असती तरी नराशिवाय अंडी कुठून येणार?" हे दुसरं वाक्य ऐकलं तेव्हाच मी मागे फिरायला हवं होतं. पण लेकीच्या हातावर तो चढून बसला होता. तिने जागेवरच त्याचं नाव मोरू ठेवून टाकलं.

सोबत 240 डॉलरचा ‘पूर्ण संच’ गळ्यात मारला: काचेची पेटी, गुंडाळीचा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा, रात्रीसाठी लाल दिवा आणि पाण्याची वाटी. पैसे फोनवरच्या ॲपमधून घेतले, तेही ‘ओळखीच्या माणसाला पाठवतोय’ हा पर्याय निवडायला लावून. असं का, हे मी विचारलं नाही. त्या पर्यायात खरेदीचं संरक्षण मिळत नाही, हे मला नंतर कळलं. हाताने लिहिलेल्या पावतीवर सात दिवसांची हमी होती.

एकोणिसाव्या दिवशी मोरूने खाणं सोडलं. पोट दोन्ही बाजूंनी फुगलं, अंग गडद हिरवं, जवळजवळ काळं झालं आणि त्यावर निळे-पिवळे ठिपके उमटले. दिवसभर पेटीच्या तळाशी येरझाऱ्या आणि काचेवर नखांनी ओरबाडणं चालू. मी विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "पोट साफ होत नसेल. कोमट पाण्याने अंघोळ घाल, किडे वाढव." मी दोन दिवस तेच केलं. त्या दोन दिवसांची चुटपुट अजून जात नाही.

तिसऱ्या दिवशी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी मोरूला उचललं, मागचं पाऊल उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "ही मादी आहे." या जातीच्या नराला अंड्यातून बाहेर येतानाच मागच्या पावलाच्या टाचेला एक छोटा मांसल काटा असतो. मादीला तो नसतो. बघायला पाच सेकंद लागतात. या जातीची पैदास करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नाही, यावर माझा विश्वास बसणं शक्य नाही.

एक्स-रेमध्ये पोट अंड्यांनी गच्च भरलेलं दिसलं. मोरू पाच महिन्यांची पोर नव्हती, पूर्ण वाढलेली मादी होती. हाडं विरळ आणि पुढचा एक पाय किंचित वाकलेला, म्हणजे कॅल्शियमची जुनी कमतरता. अंड्यांची कवचंही तिच्याच शरीरातल्या कॅल्शियमवर बनतात, आणि आधीच खंगलेल्या मादीला अंडी बाहेर ढकलण्याचं बळ उरत नाही. अंडी अडकली की डोळे खोल जातात, दिवसाही मिटलेले राहतात, मग ऑपरेशन. त्या दिवसाचं बिल 310 डॉलर झालं. अजून वेळ आहे, म्हणाल्या. काचेवरचं ते ओरबाडणं म्हणजे ती अंडी पुरण्यासाठी खणायला जागा शोधत होती. जागा मिळाली नाही तर मादी अंडी धरून ठेवते, आणि त्यातच जाऊ शकते.

परतीच्या वाटेवर मुलांच्या खेळायच्या वाळूची पोती घेतली. खोल बादलीत एक फूट ओली वाळू भरली. मुठीत दाबली तर लाडू वळला पाहिजे पण पाणी गळता कामा नये, आणि बोटाने भोक पाडलं तर ते ढासळता कामा नये. काचेच्या पेटीऐवजी जाळीचा उंच पिंजरा आणला, त्यात मनी प्लांट ठेवला, गुंडाळीच्या दिव्याऐवजी यूव्हीबी (अतिनील किरणांचाच एक प्रकार) देणारी लांब नळी लावली. वाटी काढून टाकली. शॅमेलिऑन साचलेलं पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. मग पिंजऱ्याला चारी बाजूंनी चादर गुंडाळली, कारण खणताना कुणी बघतंय असं वाटलं तर मादी काम अर्धवट सोडते. लेक दोन दिवस त्या खोलीच्या दाराबाहेर सतरंजीवर बसून होती. आत डोकावली नाही.

दुसऱ्या रात्री मोरूने अंडी घातली आणि स्वतःच वाळू ओढून भोक बुजवलं. सकाळी ती फांदीवर होती, कातडं लोंबत होतं, कमरेची हाडं दिसत होती. आम्ही वाळू उकरून मोजली. त्रेचाळीस. पांढरी, टणक, भरीव.

मी विक्रेत्याला लिहिलं, मादी दिलीत, डॉक्टरांचं बिल झालं, निदान अर्धे पैसे परत करा. तो म्हणाला, हमी संपली. मग लगेच दुसरा मेसेज आला, जो मी जपून ठेवला आहे: "अंडी टाकू नकोस. चांगल्या नराची आहेत, मी घेऊन जातो."

म्हणजे ती मादी आहे, नराला लावलेली आहे, हे त्याला विकतानाच माहीत होतं. पिलं काढून काढून थकलेली मादी त्याने मला ‘पाच महिन्यांचा नर’ म्हणून दिली. शिवाय या माद्या नराचं बीज शरीरात साठवून ठेवतात आणि पुढची खेपही त्यावर फळू शकते, हेही मला डॉक्टरबाईंकडूनच कळलं.

अंडी मी त्याला दिली नाहीत. त्याच दिवशी फ्रीझरमध्ये ठेवली. त्रेचाळीस पिलांना चांगली घरं मिळतील असं मला मनापासून वाटलं नाही. लेक रडली, पण तिला पटलं.

पुण्या-मुंबईतल्या वाचकांसाठी इथेच सांगते: आपला घोयरा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तो घरी ठेवता येत नाही. व्हेल्ड शॅमेलिऑन वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि भारतात 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नाहीत म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

मोरू अजून आहे. नाव तेच ठेवलंय. किड्यांना कॅल्शियमची पूड लावून देतो. उन्हाच्या दिव्याखाली तापमान 27 ते 29 अंशांच्या पुढे जाऊ देत नाही आणि खाणं मोजून देतो, कारण जास्त ऊब आणि जास्त खाणं मिळालं की अंडीही जास्त होतात. वाळूची बादली पिंजऱ्यातून कधीच काढत नाही.

गेल्या आठवड्यात त्याच विक्रेत्याची नवी जाहिरात दिसली: ‘नर, पाच महिने’. फोटो पुढून काढलेला. मी दुसऱ्या नावाने विचारलं, मागच्या पावलाचा फोटो पाठवाल का? मेसेज वाचल्याची खूण दिसते आहे. फोटो आलेला नाही.