बलेनो की अल्ट्रॉझ? आधी बसून बघा

मारुतीची बलेनो आणि टाटाची अल्ट्रॉझ, या दोन्ही गाड्यांची लांबी सारखीच, 3990 मिमी. फरक कळतो तो सीटवर बसल्यावर.

बलेनोच्या वरच्या व्हेरियंटमध्ये स्टिअरिंग वर-खाली तर होतंच, शिवाय पुढे-मागेही सरकतं. लांब पायांच्या माणसाला याचं मोल विचारा! अल्ट्रॉझमध्ये ते फक्त वर-खाली. पाय नीट बसवले की हात ताणावे लागतात, हात नीट ठेवले की गुडघे वर येतात.

एसीचंही तसंच. बलेनोत खरी बटणं आहेत. घाटात रस्त्यावरची नजर न काढता अंगठ्याने चाचपून दाबता येतात. 2025च्या अल्ट्रॉझमध्ये वरच्या व्हेरियंटना टच पॅनेल आलंय. दिसतं झकास, पण खड्ड्यातून जाताना बोट भलतीकडेच पडणार.

दर्जाचं म्हणाल तर पारडं फिरतं. अल्ट्रॉझचा दरवाजा 90 अंशांत उघडतो, आजीला चढायला-उतरायला सोपं, आणि बंद होताना ‘धप्प’ असा भरीव आवाज येतो. 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत (गाडी आदळवून तिची सुरक्षितता तपासतात ती) तिला पाचपैकी पाच तारे मिळाले होते. पेट्रोल बलेनो हजार किलोच्या आतली, हलकी. शहरात वळवायला मजा, हायवेवर तेवढा भरवसा वाटत नाही.

रोज स्वतः दोन तास चालवणार असाल, तर मी म्हणेन, बलेनो घ्या. घरचे चौघं लांब जाणार असतील, तर अल्ट्रॉझ.