पीस, क्वीन एलिझाबेथ की आइसबर्ग?

अंगणात एकाच गुलाबाला जागा असेल, तर जागतिक गुलाब महासंघाच्या ‘हॉल ऑफ फेम’मधील या तिघांपैकी कोणता निवडावा, हा प्रश्न केवळ पुरस्कारांच्या यादीवरून सुटत नाही, कारण तिघांचा गौरव वेगवेगळ्या गुणांसाठी झालेला आहे.

एका फुलाच्या देखणेपणात ‘पीस’ला तोड नाही. फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयाँ यांनी घडवलेल्या या वाणाला १९४५ मध्ये, महायुद्ध संपत असताना, अमेरिकेत हे नाव मिळाले. टपोऱ्या, फिकट पिवळ्या फुलाच्या कडांवर उतरलेली गुलाबी छटा उन्हाप्रमाणे कमीजास्त होते. मात्र बागेतल्या गुलाबांत हा पिवळा रंग इराणकडच्या एका रानगुलाबापासून आला आणि त्याच्याबरोबर पानांवर काळे ठिपके पडण्याच्या बुरशीजन्य रोगाची प्रवृत्तीही आली. त्यामुळे पावसाळ्यात पाने सतत ओली राहणाऱ्या जागी ‘पीस’ लावायचा, तर फवारणीची तयारी हवीच. त्याची छाटणीही बेताने करावी, कारण खोल छाटल्यास कळी न धरणाऱ्या फांद्या फुटतात.

‘क्वीन एलिझाबेथ’ (१९५४) हे झाड म्हणून अधिक भरवशाचे आहे. अमेरिकेच्या वॉल्टर लॅमर्ट्स यांनी ‘शार्लट आर्मस्ट्राँग’ आणि ‘फ्लोराडोरा’ यांच्या संकरातून ते मिळवले. फुले ‘हायब्रिड टी’ या मोठ्या, एकेकट्या फुलांच्या वर्गासारखी, पण ‘फ्लोरिबंडा’ वर्गातल्यासारखी घोसाने येणारी. म्हणून अमेरिकेत त्याच्यासाठी ‘ग्रँडिफ्लोरा’ हा नवा वर्गच करावा लागला. ते पुरुषभर उंच वाढते आणि गुलाबी फुले शेंड्याला धरते, त्यामुळे वाफ्याच्या पुढच्या ओळीत ते बोडके दिसते. त्याची खरी जागा कुंपणालगत, मागच्या बाजूला. उन्हाची मोकळी जागा असणाऱ्याला मी निःसंकोचपणे हेच सुचवीन.

जर्मनीच्या रायमर कोर्डेस यांचा ‘आइसबर्ग’ (१९५८) काटे कमी असल्याने जिन्याजवळ किंवा मुलांच्या वावराच्या जागीही लावता येतो. मोठ्या कुंडीत तो चांगला फुलतो आणि पांढऱ्या घोसांनी अख्खे झुडूप भरून जाते. दमट हवेत काळे ठिपके त्यालाही चुकत नाहीत.

सुगंधासाठीच गुलाब हवा असेल, तर या तिघांचाही आग्रह धरू नये. त्यांचा वास सौम्यच आहे. अशा वेळी मथियास टांटाऊ यांचा १९६३ चा शेंदरी-लाल ‘फ्रॅग्रंट क्लाउड’ शोधावा.