मार्गदर्शक बाई वर्गात असतील तरच : शिक्षक-रेसिडेन्सीचा सहामाहीनंतरचा अनुभव

गेल्या महिन्यात माझ्या मार्गदर्शक शिक्षिकांची मतदारयादीच्या कामासाठी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून नेमणूक झाली आणि पुण्यातील मनपा शाळेतला तिसरीचा वर्ग बहुतेक वेळ माझ्या एकटीच्या हाती आला. मी ज्या संस्थेच्या रेसिडेन्सीत जूनपासून काम करते, तिच्या समन्वयकांना हे कळवले, तेव्हा ‘तुम्ही वर्ग छान सांभाळता, ही तुमच्यासाठी चांगली संधी आहे’ असे उत्तर आले. त्या उत्तरामुळेच हा अभिप्राय लिहावासा वाटला. पहिले वर्ष अनुभवी शिक्षिकेच्या वर्गात, दुसरे वर्ष फेलो म्हणून स्वतःच्या वर्गात आणि दोन्ही वर्षे मानधन, ही रचना अर्ज करणाऱ्यांना ठाऊक असतेच. त्यामुळे माहितीपत्रकातल्या बाकीच्या गोष्टी येथे पुन्हा सांगत नाही.

नव्या शिक्षकाला लगेच पूर्ण वर्ग देणारी एक पद्धत आपल्याकडे आधीपासून आहे. ‘टीच फॉर इंडिया’ने 2009 मध्ये मुंबई आणि पुण्यात सुरू केलेल्या दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये काही आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर फेलो थेट वर्ग घेतात. ती पद्धत उघडपणे तशीच मांडलेली आहे आणि तिथे जाणाऱ्याला आपण कशासाठी जातो हे माहीत असते. रेसिडेन्सीची कल्पना मात्र निवासी डॉक्टरांच्या शिक्षणावरून घेतलेली आहे. शिकागोत 2001 मध्ये आणि बॉस्टनमध्ये 2003 मध्ये सुरू झालेल्या शिक्षक-रेसिडेन्सींचा पायाच असा होता की, नवशिक्या शिक्षकाने वर्षभर एका अनुभवी शिक्षकाच्या वर्गात राहावे आणि वर्गाची पूर्ण जबाबदारी त्यानंतर घ्यावी. मार्गदर्शक वर्गातून बाजूला झाल्यास रेसिडेन्सीत आणि अपुऱ्या तयारीने दिलेल्या नोकरीत काही फरक उरत नाही. समन्वयकांनी ज्याला संधी म्हटले, तिच्यापासून दूर राहण्यासाठीच मी हा अभ्यासक्रम निवडला होता.

मार्गदर्शकांच्या उपस्थितीबद्दल मी इतके आग्रहाने का लिहिते, ते एका उदाहरणावरून सांगते. हातच्याची वजाबाकी चालू असताना वर्गातल्या बऱ्याच मुलांनी 52 मधून 37 वजा करून 25 असे उत्तर लिहिले होते. मुलांना उसना दशक घेणे जमत नाही, असे मी धरून चालले होते आणि दुसऱ्या दिवशी तोच पाठ अधिक सावकाश घेण्याच्या तयारीत होते. मधल्या सुट्टीत बाईंनी वह्या समोर घेतल्या आणि दाखवले की, मुलांनी 2 मधून 7 वजा करण्याचा प्रयत्नच केलेला नाही. त्यांनी 7 मधून 2 वजा केले आहेत. आदल्या वर्षी ऐकलेले ‘लहानातून मोठे जात नाही’ हे वाक्य मुलांनी प्रामाणिकपणे पाळले होते, आणि पाळायचे म्हणजे मोठ्यातून लहान वजा करायचे, असा त्यांचा सरळ निष्कर्ष होता. दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावरचे उभे गणित बाजूला ठेवले, दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या प्रत्येक गटाला दिल्या आणि त्यांतून सदतीस काड्या काढून द्यायला सांगितले. एक गठ्ठा सोडल्याशिवाय सात सुट्या काड्या मिळत नाहीत, हे मुलांना आपोआप कळले. ती चर्चा जेमतेम वीस मिनिटांची होती, पण वह्या टेबलावर असताना आणि पुढचा पाठ व्हायचा असताना ती झाली, म्हणून तिचा उपयोग झाला.

त्याच पाठाला संस्थेचे फिरते प्रशिक्षकही मागे बसलेले होते. त्यांचा अभिप्राय ॲपवर आला : उद्दिष्ट फळ्यावर लिहिले होते, मुलांचा सहभाग पाचपैकी चार, वेळेचे नियोजन पाचपैकी तीन. यातले काहीही चुकीचे नाही. मात्र 25 हे उत्तर कुठून आले, याचा त्यात उल्लेख नाही, आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाला तो करता येईल अशी अपेक्षाही ठेवता येत नाही. ही मुले दुसरीत काय ऐकून आली आहेत, हे त्याच शाळेत वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या बाईंनाच माहीत असते. म्हणून संस्थेने ॲपवर केलेला खर्च मला खुपतो. तोच पैसा मार्गदर्शक शिक्षिकांना मानधन म्हणून मिळाला असता, तर पाठानंतरची वीस मिनिटे त्यांच्या दिवसात हक्काने राखता आली असती. आज ती वीस मिनिटे बाई केवळ आपुलकीने, स्वतःचा डबा बाजूला ठेवून देतात.

सुरुवातीच्या आठवड्यांबद्दलचे माझे मत दरम्यान बदलले आहे. जून-जुलैत नुसते मागे बसून निरीक्षण करण्याचा मला कंटाळा येई आणि ऑगस्टमध्ये भरलेल्या पाहणीत हा काळ निम्म्यावर आणावा, असे मी सुचवले होते. आज मी तो काळ कमी करू देणार नाही. बाई मुलांच्या बसण्याच्या जागांच्या आराखड्यावर कोणत्या मुलाला प्रश्न विचारला याची खूण करत. पुढच्या दोन रांगांबाहेर खुणा किती विरळ असतात, हे मागे बसल्यामुळेच माझ्या नजरेस आले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि तीन सेकंद थांबल्यास अधिक मुले, अधिक लांब उत्तरे देतात, हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांचे संशोधन आम्ही शनिवारच्या सत्रात वाचले होते. मात्र वर्गात तीन सेकंदांची शांतता किती मोठी वाटते आणि बाई ती कशी निभावतात, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. बी.एड.च्या 2014 च्या नियमांनुसार किमान वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता (इंटर्नशिप) आवश्यक आहे. मीही ती पूर्ण केली, पण त्यातला बराच काळ पाठांची संख्या भरण्यात आणि टाचणांवर सह्या घेण्यात गेला. त्या तुलनेत ही रेसिडेन्सी आजही पुष्कळ उजवी आहे, हे मी मनापासून लिहिते.

पैशांबाबत थोडक्यात. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला, म्हणजे सुरुवातीला ठरावीक मानधनावर नेमलेल्या शिक्षकाला, 2023 पासून दरमहा 16,000 रुपये मिळतात. माझे मानधन त्याहून कमी आहे, आणि शिकण्याचे वर्ष म्हणून मी ते मान्य केले आहे. परंतु काड्या, रबर, कार्डशीट यांचा खर्च परत मिळण्यासाठी जीएसटी क्रमांकाचे बिल मागितले जाते, आणि आमच्या शाळेजवळचा दुकानदार साधी पावती देतो. अशा बिलासाठी दर वेळी अप्पा बळवंत चौकापर्यंत जाणे परवडत नसल्याने बहुतेक साहित्य मी पदरच्या पैशांनी आणते. संस्थेने ठरावीक मासिक रक्कम द्यावी आणि हिशेब वहीत तपासावा.

आता मूळ प्रश्न. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांव्यतिरिक्त अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. म्हणजे निवडणुकीचे काम टळणारे नाही. मात्र मतदारयाद्यांचे काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवण्याच्या वेळेबाहेर करून घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच म्हटलेले आहे. संस्थेने हे मुख्याध्यापकांसमोर लेखी मांडायला हवे होते. शिवाय शाळेशी करार करतानाच प्रत्येक रेसिडेंटसाठी दुसऱ्या मार्गदर्शकाचे नाव नोंदवून ठेवायला हवे, कारण नेमणुकीचे पत्र आल्यावर शोधाशोध करण्याइतका वेळ हातात राहत नाही.

मजकूर लिहून झाल्यावरची भर : मी दोनदा लेखी मागणी केल्यानंतर चौथीच्या बाईंना आठवड्यातून तीन दिवस गणिताच्या तासाला माझ्या वर्गात बसण्याची मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. भाषेच्या तासासाठी अजून कोणीही नाही. पुढच्या वर्षासाठी अर्ज करणाऱ्यांनी मुलाखतीत मानधनाआधी एवढेच विचारावे की, मार्गदर्शक शिक्षिका महिनाभर नसतील तर त्यांच्या जागी कोण येणार, आणि त्या व्यक्तीचे नाव लिहून घ्यावे.