गाणं विकायचं, डिस्ट्रिब्युटरकडे द्यायचं की संस्थेत नोंदवायचं?

खानापूर तालुक्यातल्या एका भजनी मंडळाच्या पोरानं चार गाणी रेकॉर्ड केली आहेत. दोन रेणुका-यल्लम्माची, एक विठ्ठलाचं आणि एक बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथासाठी. शब्द सगळे त्याचे, तीन चाली मित्राच्या, स्टुडिओचा खर्च दोघांनी मिळून केलेला. एक यूट्यूब चॅनेलवाला चारही गाण्यांचे मिळून ८,००० रुपये द्यायला तयार आहे. एक मित्र म्हणतो डिस्ट्रोकिडवर टाक (हा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणी ऐकायच्या ॲपवर पोचवणारी कंपनी), दुसरा म्हणतो आयपीआरएसचा सभासद हो (ही गीतकार-संगीतकारांचे पैसे गोळा करणारी संस्था). "दादा, कुठलं धरू?" असं त्यानं मला विचारलं. हाच प्रश्न निपाणी-चिकोडीकडच्या पोरांकडूनही येतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, ती गीतकार-संगीतकाराची. रेकॉर्डिंग ही दुसरी, ती सहसा ज्यानं खर्च केला त्याची. दोन्हीचे पैसे वेगवेगळ्या वाटेनं येतात. डिस्ट्रिब्युटर रेकॉर्डिंगचे आणतो, आयपीआरएस शब्द-चालीचे. चॅनेलवाल्याला दोन्ही हवं असतं.

चॅनेलवाल्याचं आकर्षण मी समजू शकतो, कारण मी स्वतः तिथून गेलोय. २००९ साली बेळगावात एका स्टुडिओत सहा गाण्यांचे ३,००० रुपये घेतले. स्टुडिओवाल्यानं कागद पेटीच्या झाकणावर ठेवून पुढे केला होता. "सही कर की गा, नाव येतंय न्हवं तुझं!" नाव काही आलं नाही. मिरवणुकीत ती गाणी वाजायची आणि मी गर्दीत उभा राहून ऐकायचो. पुष्कळ वर्षांनी तो कागद एका वकिलाला दाखवला तेव्हा कळलं, की त्यात मुदतच लिहिलेली नव्हती. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हक्क फक्त ५ वर्षांसाठी दिले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. म्हणजे शब्द कधीच माझ्याकडे परत आले होते आणि मला पत्ता नव्हता.

२१ जून २०१२ पासून कायदा आणखी आपल्या बाजूनं झाला. चित्रपटातलं गाणं असो की साधं रेकॉर्डिंग, गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वापरलं की मिळणाऱ्या पैशांतला, समान वाटा सोडून देताच येत नाही. तो वाटा फक्त वारसांना किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायटीला देता येतो. (चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर वाजतं तेवढा अपवाद.) तेव्हा विकायचंच असेल तर विका, पण कागदावर मुदत, प्रदेश आणि रॉयल्टीचा आकडा लिहून घ्या. "सर्व हक्क कायमचे" एवढ्या एका ओळीवर सही नको.

आता डिस्ट्रिब्युटर. २०१३ मध्ये सुरू झालेली डिस्ट्रोकिड वर्षाची फी घेते, हवी तेवढी गाणी चढवू देते आणि स्ट्रीमिंगचे पैसे कापत नाही. मात्र फी थांबली की गाणी उतरवली जाऊ शकतात, ती राहावीत म्हणून वेगळे पैसे भरावे लागतात. सीडी बेबी दर रिलीजला एकदाच फी घेते आणि कमाईतले ९ टक्के ठेवते. राउटनोटची फुकट योजना आहे, तिथे १५ टक्के जातात. दरवर्षी नवीन गाणी काढणाऱ्याला डिस्ट्रोकिड परवडेल. चार गाणी करून पुन्हा भात लावणीला जाणाऱ्याला नाही. त्यानं राउटनोटपासून सुरुवात करावी. गाणं कमावतंय असं दिसलं की मग फीचं बघता येईल.

अमेरिकेतल्या कंपनीकडून पैसे घेताना कराचा फॉर्म भरावा लागतो. पॅन देऊन भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर तिकडच्या उत्पन्नावर १५ टक्के कापतात, नाही तर ३० टक्के. आपल्याकडची खरी अडचण नावाची. शाळेचा दाखला मराठीतून, आधार कन्नडमधून, आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. पॅन आणि बँक पासबुकातलं अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, मगच खातं उघडा.

स्ट्रीमिंगचे सगळे पैसे डिस्ट्रिब्युटरकडूनच येतात असा गैरसमज फार आहे. शब्द-चालीचा वाटा तिथे येत नाही. त्यासाठी आयपीआरएस, १९६९ पासूनची मुंबईची संस्था, किंवा सॉंगट्रस्टसारखी कंपनी. सॉंगट्रस्ट २०११ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली. ती गीतकारांची गाणी जगभरच्या संस्थांकडे नोंदवते, सुरुवातीला एकदा फी आणि येणाऱ्या पैशांतून कमिशन घेते. परदेशात चांगलं ऐकलं जाणारं गाणं असेल तर ती कामाची. आपल्या पोराला मी ती आत्ता सुचवणार नाही. आयपीआरएसचे परदेशी संस्थांशी करार आहेत, तेवढं सध्या पुरे. सभासद होण्यासाठी प्रसिद्ध झालेलं काम दाखवावं लागतं, म्हणून आधी डिस्ट्रिब्युटर, मग संस्था, हाच क्रम. आणि अपेक्षा बेताची ठेवा. धार्मिक विधीत किंवा लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला कायद्यानं परवाना लागत नाही, त्यामुळे देवळात रोज वाजतंय म्हणून पैसे येणार नाहीत. रेडिओ, टीव्ही, हॉटेल, ॲप इथून येतील.

पोराला म्हटलं, ८,००० नको घेऊ. आधी चाली करणाऱ्या मित्राबरोबर बस आणि गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाला किती टक्के हे वहीच्या पानावर लिही. दोघांच्या सह्या, तारीख, आणि मोबाइलवर फोटो. त्यांनी ते त्याच रात्री केलं. चौथ्या गाण्यापाशी मात्र अडले. यल्लम्माच्या त्या गाण्याची चाल त्याच्या आजीनं शिकवलेली, तिनं ती सौंदत्तीच्या डोंगरावर जोगतिणींकडून ऐकलेली. मित्र म्हणत होता माझंच नाव घालूया, कोण विचारतंय. मी त्यांना संगीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' लिहायला सांगितलं, शब्द तेवढे पोराच्या नावावर.