बोटीच्या वायरिंगमध्ये माझे ७४,५०० रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये माझी एकच बोट, तिच्यावरच घर चालते. पाण्याखाली बुडालेल्या गावांच्या भिंती अन् झाडांचे बुंधे आहेत, म्हणून खोली, जीपीएस आणि इंजिनाचे आकडे एका स्क्रीनवर पाहिजे होते. नागपूरच्या दुकानदाराने ७४,५०० चं कोटेशन दिलं. ५०,००० ॲडव्हान्स, काम झाल्यावर २४,५००. त्यात ‘एनएमईए २००० बॅकबोन, टी अन् दोन टर्मिनेटर’ याचेच २१,३०० लावले होते. एनएमईए २००० म्हणजे बोटीतली यंत्रं एकाच वायरवर जोडायची ठरलेली पद्धत; बॅकबोन म्हणजे मुख्य वायर, टी म्हणजे फांदी काढायचा जोड, टर्मिनेटर म्हणजे टोकाला लावायचा रेझिस्टर.

सीटखाली तो जोड मारत होता तेव्हा टॉर्च मीच धरला होता. माझ्याच हातात उजेड होता! निळी वायर, ग्रामपंचायतीच्या कॅमेऱ्याला आहे तशीच. पीळ देऊन वरून काळी टेप गुंडाळली. मी म्हटलं, “ही तर कॅमेऱ्याची वायर दिसते.” तो म्हणे, “भाऊ, आतमध्ये तांबंच असते ना जी.” तिथंच काम थांबवायला पाहिजे होतं. पण दुसऱ्या दिवशी रविवारची गर्दी होती, स्क्रीनवर आकडे दिसत होते, बिलावर जीएसटी नंबर होता. कोणीही विश्वास ठेवला असता.

इंजिन सुरू केलं की खोलीचा आकडा गायब. चौथ्या दिवशी पंखा बुंध्यावर आदळला, ६,२०० चा खर्च. बोटीत सहा माणसं होती.

मग मी स्वतः शिकलो. मुख्य वायर एकच सरळ ओळ, दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर, प्रत्येक यंत्र टी वरून, फांदी ६ मीटरच्या आत. पॉवर बंद करून पांढऱ्या अन् निळ्या डेटा तारांमध्ये मीटर लावा, ६० ओहमच्या आसपास आलं पाहिजे. माझ्याकडे सगळ्या वायरी एकाच गाठीत, टर्मिनेटर एकही नाही. हे मोजून दाखवल्याशिवाय शेवटचा पैसा देऊ नका.

पोलीस ठाण्यात तीन चकरा मारल्या. “स्क्रीन लागते ना? मग फसवणूक कशाची? दिवाणी मामला आहे.” अर्जाची पोच तिसऱ्या दिवशी मिळाली, तीही भांडून. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पुढे ‘दुकानदारास कळवले आहे’ एवढाच मेसेज. जिल्ह्याला एका बाबूने तर सांगून टाकलं की बोट धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही. अहो, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर माणूस ग्राहकच धरतात, २०१९ च्या कायद्यातच लिहिलं आहे! खुर्चीवर बसून तेवढंही वाचत नाहीत. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर ग्राहक आयोगात फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची, हेही मला कोणी सांगितलं नाही. तुम्ही लक्षात ठेवा.

बिलावर वायरचा प्रकार लिहून घ्या. नुसतं ‘किट’ लिहू देऊ नका.

ती टेप मी अजून सोडलेली नाही, पुरावा आहे. तुमच्याकडेही असंच निघालं तर रागाच्या भरात वायर उपटू नका, आधी फोटो काढा.